तेराव्यापर्यंत बँकेला कळवू नका?

घरात कोणी गेलं की सुतक फिटायच्या आत एखादा जाणता नातेवाईक बाजूला घेऊन सांगतोच, ‘बँकेला एवढ्यात कळवू नका. पिन माहीत आहे ना? आधी पैसे काढून घ्या.’ सल्ला आपुलकीचा असतो, भीतीही खोटी नसते. दवाखान्याचं बिल थकलेलं, दिवसकार्याचा खर्च समोर, आणि कळवलं की खातं गोठणार.

तरीही सल्ला चुकीचाच. संयुक्त खात्यात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी सूचना असेल, तर मागे राहिलेल्याला पैसे काढता येतात. खातं एकट्याचं असेल तर कार्ड किंवा यूपीआय वापरायचा अधिकार खातेदाराबरोबरच संपतो. मृत्यूच्या दाखल्यावर एक तारीख आणि खातेउताऱ्यात तिच्यानंतर काढलेले पैसे! उद्या बहिणीने हिशेब मागितला, तर ‘कार्याला लागले’ म्हणून भागत नाही.

यावर उत्तर येतं, ‘मी नॉमिनी आहे, पैसे माझेच.’ तेही खरं नाही. नॉमिनीला रक्कम दिली की बँक सुटते, नॉमिनी सुटत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. बँकखात्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्ये राम चंदर तलवार खटल्यात सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत तोच निर्वाळा २०२३ मध्ये मिळाला, तोही ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या वादात. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको आणि मुलांइतकाच वाटा त्याच्या आईचा असतो. नॉमिनी बायको असली तरी. हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

मग सरळ वाट आहे कुठे? आहे. नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र पुरतं. नॉमिनी नसेल, पण वाद किंवा मृत्युपत्रही नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टात न जाता काम होतं. वारस कोण आहेत याचं प्रतिज्ञापन, हमीपत्र आणि हक्क न मागणाऱ्या वारसांची ना-हरकत द्यावी लागते, तिऱ्हाईत जामीनदार लागत नाही. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत निकाल. बँकेमुळे उशीर झाला तर व्याजरूपाने भरपाई.

खरा दोष काउंटरपलीकडचा आहे. नॉमिनीचं नाव समोर दिसत असूनही ‘कोर्टातून वारस दाखला आणा’ म्हणणारा कर्मचारीच त्या नातेवाइकाच्या सल्ल्याला बळ देतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, कोणता कागद कमी आहे ते लेखी मागा. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.