कोपरा ओलांडणे म्हणजे घुसखोरी नव्हे



अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शिकाऱ्यांनी ‘दुसऱ्याच्या रानात घुसखोरी केली’, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही. त्यांचे पाऊल खासगी जमिनीवर पडलेच नाही. 1860च्या दशकात रेल्वेसाठी अमेरिकी सरकारने एक चौरस मैलाचे एकाआड एक तुकडे रेल्वे कंपनीला दिले, मधले स्वतःकडे ठेवले. तिथला नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. 2021मध्ये चौघे जण एल्क माउंटनवर एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात, चार कोपरे भिडतात तिथून, शिडीवरून गेले. ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. लगतच्या खासगी तुकड्यांच्या मालकाचा लाखो डॉलरचा दिवाणी दावाही 2025मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. या निकालाला आधार होता सार्वजनिक जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणारा 1885चा कायदा.

कोपऱ्यावरची वीतभर हवा राखण्यासाठी हजारो एकर सार्वजनिक डोंगर एकाच माणसाची शिकारभूमी व्हावा, हा उघड अन्याय आहे. मला स्वतःला शिकार आवडत नाही. पण पक्षी बघायला जाणाऱ्यालाही तोच कोपरा ओलांडावा लागतो. शेजारचे मोंटाना राज्य मात्र या अपील न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, तिथला प्रश्न अजून तसाच आहे.

– एक वाचक, पुणे