शीळ : पैनगंगेच्या काठचे गीत

देऊळघाटावरून वाहणारी पैनगंगा पुढे मेहकरला जाते. या मेहकरात वकिली करीत ज्यांनी आयुष्य वेचले, ते कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) आपल्याच बुलढाणा जिल्ह्याचे सुपुत्र. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी स्वतः चाल लावून गायिली आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठीतील पहिले भावगीत म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

कवितेचा विषय अगदी साधा आहे. रानातून शीळ ऐकू येते आणि ती ऐकणाऱ्या तरुणीचे मन घरात ठरत नाही. कथानक नाही, उपदेश नाही; आहे ती केवळ एक हुरहूर. अशी स्वप्नाळू, हळुवार भावना गाण्यात येणे त्या काळी नवीन होते. तोवर मराठी माणसाचे आवडते गाणे म्हणजे नाट्यसंगीत. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा, तर गळा खणखणीत हवा आणि ताना दमदार हव्यात. दुसरीकडे रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता गाऊन दाखविण्याची गोडी लोकांना लावली होती. पण तेथे प्राधान्य शब्दांना होते. शिवाय घराघरांत जात्यावरची ओवी होतीच. नाट्यसंगीताचा सूर, काव्यगायनातील शब्दांची स्पष्टता आणि लोकगीताचा साधेपणा या तिन्ही धारा भावगीतात एकत्र आल्या.

यंत्रानेही या बदलाला हातभार लावला. पूर्वी कर्ण्यापुढे उभे राहून मोठ्याने गावे लागे, तेव्हा कुठे आवाज मुद्रित होई. १९२५नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला आणि कुजबुजीइतका मृदू स्वरही तबकडीवर उतरू लागला. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या अवधीत विस्ताराला वाव नव्हता. एकच भाव, मोजके शब्द आणि लक्षात राहणारी चाल. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर माप लहान होते, म्हणून माल निवडक भरावा लागला.

जोशी पुढे एच.एम.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळू लागले. अनेक थोर कलावंतांचे गायन-वादन त्यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यांच्याच निर्मितीतली. मेंढपाळाच्या एका दिवसाची ही सुरावट परदेशांतही ऐकली गेली. रानातल्या शिळेपासून निघालेला प्रवास असा काश्मीरच्या दरीतील बासरीपर्यंत गेला.

कवी मात्र मेहकरातच राहिले. गीत गाजून दोन दशके उलटल्यावर, १९५४ साली ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९८६ साली. वकिलीने संसार चालविला, कवितेने मन जपले. एकासाठी दुसरे सोडावे लागले नाही.

आज गाणे मुद्रित करायला मुंबई गाठावी लागत नाही. दुकानाच्या माडीवर बसून एखादा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर स्वतःचे गीत मुद्रित करू शकते. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, “यातून मिळणार काय?” प्रश्न गैर नाही, पेढी हिशेबावरच चालते. परंतु मेहकरच्या वकिलाने गीतावर पोट अवलंबून ठेवले नाही आणि पोटासाठी गीतही टाकले नाही. मुलांना तेवढी मोकळीक घरातून मिळावी. संध्याकाळी दुकान वाढविल्यानंतरचा एक तास त्यांच्या सुरांसाठी राखून ठेवला, तर वहीखात्यात तूट येणार नाही.

आणि ‘शीळ’ कधी कानी पडली, तर गायकाबरोबर कवीचे नावही मुलांना सांगावे. ज्याचे देणे, त्याच्या नावावर जमा करावे, हा रिवाज व्यापारी घरांना नवा नाही.