इंदूरचे सांडपाणी, उज्जैनचा घाट

नर्मदेचे पाणी इंदुरात आले 1978 साली. त्यासाठी या शहराने केलेले आंदोलन आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवते. तेव्हापासून आपण सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून आणलेले पाणी पितो. पण वापरून झाल्यावर ते जाते कुठे, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ते जाते कान्हमध्ये. आपल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी हीच कान्ह (आपल्या लहानपणची ‘खान नदी’) उज्जैनजवळ त्रिवेणीला शिप्रेला मिळते. ज्या शिप्रेवर आपण वाडवडिलांचे पिंडदान करतो, तिच्यात आपलेच सांडपाणी आधी पोहोचलेले असते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, पाणी शुद्ध करूनच सोडले जाते. इंदूरने या कामी पुष्कळ केले, हे मान्य केलेच पाहिजे. कबीटखेडीला रोज 24.5 कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, नाल्यांची तोंडे बांधली गेली आणि 2021 साली ‘वॉटर प्लस’ हा मान देशात प्रथम इंदूरला मिळाला. परंतु प्रक्रिया केलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. आमचे म्हणणे एवढेच आहे.

थोडा हिशेब पाहू. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लिटरमागे किती प्राणवायू लागतो, त्या मापाला बीओडी म्हणतात. नेहमीचे शुद्धीकरण करून पिण्यासाठी घ्यायच्या नदीच्या पाण्यात तो लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. उलट केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेने महानगरांच्या केंद्रांना 20 पर्यंत मुभा दिली. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली ही मर्यादा 10 वर आणायला सांगितले. समजा, केंद्र 10 चे पाणी सोडते. ते 3 वर यायला दर लिटरमागे 1 बीओडीचे साडेतीन लिटर स्वच्छ पाणी नदीत हवे. 20 चे सोडले, तर साडेआठ लिटर हवे. पावसाळ्यात हे जमेल. पण माघ-फाल्गुनानंतर कान्हला स्वतःचे पाणी उरते किती? तेव्हा सांडपाणी नदीत मिसळत नाही. सांडपाणी हीच नदी असते.

शिवाय बीओडी हे एकच माप झाले. रोगजंतू मारायला क्लोरिनसारखी वेगळी प्रक्रिया लागते. नायट्रेट, फॉस्फेट, औषधांचे अंश हे साध्या केंद्रात पुरते निघत नाहीत. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. अशा पाण्यात अमोनिया असला की पिण्याच्या पाण्यात टाकलेला क्लोरिन तोच खाऊन टाकतो, आणि जंतूंसाठी उरत नाही. उज्जैनचा मुख्य भरवसा गंभीर धरणावर असला, तरी ते आटू लागले की शिप्रेकडेच पाहावे लागते. काठच्या खेड्यांच्या विहिरींना तर दुसरा आसराच नाही.

यावर सरकारचा उपाय कोणता? 2014 साली 432 कोटी रुपये खर्चून नर्मदेचे पाणी शिप्रेत आणले. 2016 च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी घाटांना वळसा घालून नेणारी नळवाहिनी टाकली. तरी जानेवारी 2019 मध्ये शनी अमावास्येला भाविकांवर त्रिवेणीच्या चिखलात स्नान करण्याची पाळी आली. आता 2028 च्या सिंहस्थासाठी सुमारे 30 किलोमीटरचा बंद मार्ग बांधायला घेतला आहे. घाट स्वच्छ दिसतील, यात शंका नाही. पण वळवलेले पाणी नाहीसे होत नाही, खालच्या गावांकडे जाते. महिदपूरही शिप्रेकाठीच आहे, आणि तिथे घाटावर दुर्बीण लावून बसलेले पत्रकार नसतात.

हे दुसऱ्यांचे दुखणे, असे समजून आपण स्वस्थ बसू नये. 2025 च्या डिसेंबरअखेर आपल्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. ते नदीतून आले नव्हते, फुटक्या वाहिनीतून आले होते. पण धडा एकच: मानपत्र भिंतीवर असते आणि पाणी पेल्यात. तपासायचे असते ते पेल्यातले.

2022 साली निवडून आलेल्या महापालिकेची मुदत 2027 मध्ये संपते. मते मागायला येणाऱ्यांपुढे, पक्ष कोणताही असो, आपण तीन मागण्या ठेवाव्यात. पहिली, प्रत्येक केंद्रातून सुटणाऱ्या आणि शहराची हद्द सोडताना कान्हमध्ये असलेल्या पाण्याचे आकडे दरमहा जाहीर फलकावर लागावेत. त्यात जंतूंचे प्रमाणही असावे. दुसरी, बागा, बांधकामे आणि कारखाने यांनी आधी हेच पाणी वापरावे. नर्मदेचे पाणी झाडांना घालणे थांबावे. तिसरी, सांवेर रोडच्या कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू देऊ नये.

अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, ते लोकांना पाण्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून. त्यांच्या नावाचा अभिमान सांगणाऱ्या आपण इंदूरकरांनी निदान पुढच्या गावच्या घाटाचे पाणी बिघडवू नये.