नियम फक्त मुलांनाच का?



कॉलेजचे बीजगणित आता सरकारच्या 'स्वयम्'वर ऑनलाइन शिका, असे आपल्या मुलांना सांगितले जाते. आमचा त्याला विरोध नाही. नियमही योग्यच आहेत. एन.पी.टी.ई.एल.च्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय. त्यांतील उत्तम आठांना २५ गुण, केंद्रावरील परीक्षेला ७५. पहिल्यात १० आणि दुसऱ्यात ३० मिळवावेच लागतात. स्वाध्याय दुसऱ्याकडून सोडवून घेणारा परीक्षेत उघडा पडतो, हे बरेच आहे.

पण नियम कॉलेजांनाही आहेत! विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ सालीच सांगितले, की अशा विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी संस्थेने एक प्राध्यापक नेमावा. २०२१ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांची मर्यादा २० वरून ४० टक्के झाली. ती सवलत सर्वांच्या लक्षात राहिली. प्राध्यापक मात्र कागदावरच, असे आमच्याकडे येणारे पालक सांगतात. मॅट्रिक्सचे गणित मध्येच अडले, तर मुलाने विचारायचे कोणाला? पडद्याला?

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा शाळेबरोबर मास्तरही दिला. त्या राज्यात वाढलेल्या घराण्यांनी आज गप्प बसावे काय?

पालकांनो, प्रवेश घेतानाच कॉलेजला लेखी विचारा : मार्गदर्शक कोण? कोणत्या वारी, किती वाजता भेटणार? उत्तर आले नाही, तर ते पत्र घेऊन मंडळात या. पुढे आपण सर्व मिळून जाऊ.