कलम ३६ खलाशालाही आहे!

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव प्रकरणी निकाल दिला आणि लोअर परळमध्ये त्यांच्या बालमित्रांनी जल्लोष केला. जाधव सुटले म्हणून नव्हे. पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचे कलम ३६ मोडले, त्यांना भारतीय वाणिज्यदूताला भेटू दिले नाही, त्यांचे हक्क त्यांना सांगितले नाहीत, हे १५ विरुद्ध १ मतांनी ठरले. शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी थांबवा, असा आदेश निघाला.

वाणिज्यदूत, म्हणजे कॉन्सल, हा व्हिसाचा शिक्का मारणारा साहेब अशी आपली समजूत. एकेकाळी तो चक्क न्यायाधीश होता! एकोणिसाव्या शतकात झांजीबारला इंग्रजांचा कॉन्सल कोर्ट भरवी, तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांचे खटले चालवी. आणि त्यावरचे अपील कुठे? आपल्या मुंबई हायकोर्टात. तुर्कस्तानात, चीनमध्ये गोऱ्याचा न्याय त्याचाच कॉन्सल करी. जन्म पाहून न्याय करण्याची रीत आपल्याला काही नवी नाही.

ती सत्ता गेली. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार कॉन्सल निकाल देऊ शकत नाही, कैद्याला सोडवू शकत नाही. तो भेटतो, पत्रव्यवहार करतो, वकील मिळवून देतो. परक्या मुलखातल्या कोठडीत हेही थोडे नाही. पण या कलमाचे खरे मोल दुसरीकडेच आहे. हा हक्क तुला आहे, असे अटक करणाऱ्यानेच कैद्याला विनाविलंब सांगायचे असते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत मांडलेल्या कलमाचा, म्हणजे आजच्या कलम २२ चा, आत्मा तरी वेगळा काय आहे? अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा.

जाधवांसाठी सरकार हेगला गेले, योग्यच केले. पण डहाणू-तलासरीचा आदिवासी गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो, समुद्रातली न दिसणारी सीमा ओलांडली म्हणून पकडला जातो आणि कराचीच्या तुरुंगात पडतो, त्याचे काय? त्याच्यासाठी २००८ चा भारत-पाक करार आहे. तीन महिन्यांत वाणिज्यदूताची भेट, शिक्षा संपून नागरिकत्व पटले की महिन्याभरात सुटका, दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण. कागद चोख आहे. तरीही शिक्षा भोगून झालेले मच्छीमार तुरुंगातच राहिल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात, आणि घरी कमावते माणूस नसलेली बाई तहसीलच्या पायऱ्या झिजवते.

परराष्ट्र खात्याने यादीतला नुसता आकडा सांगू नये. कोणत्या खलाशाला आपला अधिकारी कोणत्या तारखेला भेटला, ते त्याच्या घरी मराठीत लेखी कळवावे.