निराला बाबाचे भक्त

भोंदू बाबाची गोष्ट सांगणाऱ्या प्रकाश झा यांच्या ‘आश्रम’ मालिकेमुळे धर्माची बदनामी होते, ही तक्रार जुनीच. 2021 मध्ये भोपाळच्या चित्रीकरणस्थळी तोडफोड झाली, झा यांच्यावर शाई फेकली गेली. पण प्रत्यक्षातले बाबा गुरमीत राम रहीमला 2017 मध्ये आणि आसारामला 2018 मध्ये बलात्कारासाठी दोषी ठरवले ते न्यायालयांनी, पटकथालेखकांनी नव्हे. राम रहीम त्यानंतरही वारंवार पॅरोलवर बाहेर आला, हेही पडद्यावरचे नाही. मालिकेचे खरे बळ बाबाच्या लंपटपणात नाही. (तो भाग तर नको इतका ताणला आहे.) ते आहे पहिल्याच भागात. दलित कुटुंबाची वरात सवर्ण अडवतात, मारहाण होते, जखमीला उपचार मिळेनात. तेव्हा बॉबी देओलचा निराला बाबा स्वतः येऊन उभा राहतो आणि यंत्रणा मुकाट हलते. दलित तरुणी पम्मी त्याची भक्त होते ती इथे. तिला भोळी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण पोलीस ठाणे आणि रुग्णालय यांनी पाठ फिरवल्यावर तिने जायचे कुठे? भक्तांची हीच गर्दी मतपेटीत उतरते, म्हणून पुढारी बाबाच्या पायाशी बसतात. चिडायचेच, तर त्या रुग्णालयावर चिडावे.