यादीबाहेरचं गाव

वसुबारस आली की पुण्याजवळच्या चाकणच्या चौकात लातूर, बीड, नांदेड, परभणीकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी कामगारांची झुंबड उडते. हातात कंपनीनं दिलेला मिठाईचा खोका आणि खिशात बोनस, तोही ठेकेदारानं दिला असेल तर. भाऊबीज उरकेपर्यंत खेड, मावळ, मुळशीतल्या खोल्यांना कुलपं असतात. एरवी या गावांत किती माणसं राहतात, याचा अंदाज त्या आठवड्यात ती गेल्यावरच येतो.

कागदावरचा आकडा जुना आहे. २०११ साली पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार होती. त्याआधीच्या दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. जिल्ह्यात दर १०० माणसांमागे ६१ शहरी. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. तोवर चाकण, रांजणगाव, हिंजवडीचं सगळं नियोजन अंदाजपंचे.

पण वाढ या जिल्ह्याला नवी नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग टेल्को आणि बजाज. तेव्हा साताऱ्याहून, कोकणातून आलेला कामगार काही वर्षांत कायम व्हायचा. मग प्राधिकरणात घर, पोरांची शाळा, रेशनकार्ड, मतदारयादीत नाव. पिंपरीचं शहर झालं ते कारखान्यांइतकंच या कायम होण्यानं. १९८२ मधली महापालिका ही त्यानंतरची गोष्ट.

चाकणच्या पोराला हे मिळालेलं नाही. आयटीआय करून तो येतो, ठेकेदाराकडे लागतो, काही महिन्यांनी ब्रेक मिळतो. गेट बदललं की खोलीही बदलते. मत मात्र त्याचं गावाकडे, माजलगावातच. नोकरी कायम नाही, म्हणून वस्तीही कायम होत नाही, आणि ज्याची वस्ती कायम नाही त्याच्या नळाला पाणी आलं काय, न आलं काय, कुणाला विचारायचं? सरपंच उत्तर देतो तो यादीतल्या मतदारांना. ते मतदार बहुधा खोलीमालक असतात, आणि टँकरच्या धंद्यातही त्यांच्यातलेच काही.

मालकांबद्दल आपण पुष्कळ लिहिलं. जमीन विकून श्रीमंत झालेले ‘गुंठामंत्री’ म्हणून त्यांच्या गळ्यातल्या साखळीची थट्टा केली, २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा पाहून हळहळलोही. मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून स्वतःच नगर उभारलं, हा अपवाद अभिमानानं सांगितला. भाडेकरूवर मात्र कुणी सिनेमा काढला नाही. (आमच्या आजवरच्या दिवाळी अंकांतही तो एखाददुसऱ्या कथेपुरताच आला.)

शहराच्या कडेला वाढलेल्या या गावांचं नक्की काय करायचं, हे सरकारचंही ठरत नाही. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची त्याआधीच आत घेतलेली. पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. हजारो संगणक अभियंते रोज हिंजवडीत उतरत राहिले आणि तिथला कारभार ग्रामपंचायतच पाहत राहिली. हद्दीच्या या भांडणात दोन्ही बाजूंना बोलणारे असतात ते करदाते आणि जमीनवाले.

म्हणून येती जनगणना आम्हाला नेहमीचं सरकारी काम वाटत नाही. एका खोलीत सहा जण, तीन पाळ्या, त्यामुळे प्रगणक दुपारी आला तर दार उघडायला निम्मेही जागे नसतील. मालक सांगेल तोच आकडा लिहिला जाईल, आणि मालकाला तो कमी सांगण्यात फायदा असू शकतो. यावेळी स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे. ती कंपन्यांच्या गेटवर, पाळी सुटताना, मराठीबरोबर हिंदीतही समजावून सांगितली पाहिजे. कारण भाडेकरूंत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेलेही आहेत. त्यांची छठही दिवाळीच्याच दिवसांतली. त्यांच्याही खोल्या आत्ता बंदच आहेत.

यंदाचा अंक या पट्ट्यावर आहे. खोलीमालकही त्यात आहेत, पण अधिक पानं भाडेकरूंना दिली आहेत.